शेवटच्या नंबरचा हक्क

पहिली खुर्ची आबांच्या डोक्यात बसली तेव्हा ते ‘नियम’ हा शब्द उच्चारत होते. ‘निय’ झालं होतं, ‘म’ राहिला होता. तो त्यांनी जमिनीवर पडल्यावर पुरा केला. काम अर्धवट ठेवणं आबांच्या स्वभावात नव्हतं.

खुर्ची त्यांचीच होती. आबा चौगले म्हणजे आमच्या घोडेतळं तालीम मंडळाचे अध्यक्ष, आणि धंद्यानं मंडप डेकोरेटर. सातविहीर तालमीनं आपल्या सत्कार समारंभासाठी आबांकडूनच दोनशे खुर्च्या भाड्यानं नेल्या होत्या. पडल्या पडल्या आबांनी खुर्चीच्या पाठीवरचं ‘चौगले मंडप’ वाचलं आणि मला म्हणाले, “दिग्या, मार. पण खुर्च्या सांभाळून.”

मी दिग्विजय साळोखे, घोडेतळं तालमीच्या फुटबॉल संघाचा स्टॉपर. बचावाच्या मधोमध उभं राहायचं आणि येईल त्याला पलीकडं जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि आदल्या सिझनमध्ये मला चार रेड कार्डं मिळाली होती. घरात दुसरं कुठलंच बक्षीस नसल्यानं आई ती पाहुण्यांना सांगायची.

आम्ही सात जण भर दुपारी सातविहीरच्या दारात गेलो ते मारामारीला नव्हे, कायदा समजावून सांगायला. आदल्या सिझनला सोळा संघांत आम्ही सोळावे आलो होतो. शेवटच्या मॅचला सातविहीरनं आम्हाला नऊ गोल मारले. दहावा मारायला त्यांचा गोलकीपर निघाला होता, तेवढ्यात शिट्टी झाली. त्यावर आबांनी मेलबर्नला असलेल्या भाच्याला, सुजितला, फोन लावला. सुजित म्हणाला, “मामा, इकडच्या फुटबॉलमध्ये जो संघ शेवटचा येतो त्याला नवी पोरं निवडायचा पहिला हक्क. सगळ्यात भारी पोरगं त्याला मिळतं. मग दोन-तीन वर्षांत तो संघ वर येतो.”

आबांना हा नियम इतका पटला की तो कोल्हापूरला लागू नाही हे चार जणांनी सांगूनही त्यांना ऐकू आलं नाही.

“आम्ही शेवटचे,” ते सातविहीरच्या अध्यक्षांना, सर्जेराव अण्णांना, सांगत होते. “म्हणून पहिला हक्क आमचा. इंद्रजित बोडेकर आमचा. आणा त्याला बाहेर.”

सर्जेराव अण्णा शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “आम्ही चॅम्पियन. मग आमचा हक्क कितवा?”

“सोळावा.”

“म्हणजे कप जिंकला ही आमची चूक?”

“चूक म्हणत न्हाई मी. निय—”

इथं खुर्ची आली.

आमच्याकडं खेळाडूंची नोंदणी वर्षातून तीनच दिवस चालते. त्याआधी आठवडाभर प्रत्येक तालीम आपली पोरं कुठंतरी नेऊन ‘ठेवते’, दुसऱ्या तालमीनं पळवू नयेत म्हणून. ठेवलेल्या पोराला दोन वेळा मटण मिळतं, झोपायला गादी मिळते, मोबाईल तेवढा काढून घेतात. इंद्रजितला सातविहीरनं तालमीच्या माडीवर ठेवलं होतं. सतरा वर्षांचं पोरगं, अंगानं काटकी. पण त्याच्या पायात चेंडू आला की समोरच्या माणसाला आपण डावीकडं पडायचं की उजवीकडं, हेच ठरवता येत नसे.

खुर्चीनंतर जे झालं ते रीतसर झालं. ते पंचवीस, आम्ही सात. आमच्या गोलकीपरच्या तोंडावर कुणीतरी सत्काराचा नारळ हाणला; सत्काराची शाल तिथंच पडली होती, तिनं त्यानं रक्त पुसलं आणि दोन दात खिशात टाकले. मी एकाचा कान धरला होता. कान धरला की माणूस कानामागं येतो, हे मला शाळेत शिकवलं होतं. माझ्या पाठीत हॉकी स्टिक बसत होती, अगदी लयीत, गादी पिंजल्यासारखी. आबा पडलेल्या जागेवरून ओरडत होते, “प्लॅस्टिकची हाण! स्टीलची नको!”

तेवढ्यात माडीच्या जिन्यावरून आवाज आला. “सॉरी. थांबा की जरा.”

इंद्रजित उभा होता. हातात रश्शाची वाटी. तो दर वाक्याची सुरुवात सॉरीनं करायचा हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळं सगळे खरंच थांबले.

“सॉरी अण्णा,” तो सर्जेरावांना म्हणाला. “मी यांच्याकडं जातो.”

“का रं? मटण कमी पडलं?”

“मटण भारी हाय. पण तुमच्याकडं फॉरवर्डला चौघं हैत. मला शेवटची धा मिनिटं मिळणार. यांच्याकडं कोणच नाही. मला नव्वदच्या नव्वद मिनिटं खेळायला मिळतील.” त्यानं वाटी खाली ठेवली. “लीगच्या पहिल्या मॅचला बंगळुरूच्या अकादमीचे सर येणार हैत. मला अठरा पुरी व्हायला दोन महिने राहिलेत. अठरानंतर ते घेत नाहीत.”

आबा जमिनीवरूनच म्हणाले, “बघा. ह्येलाच नियम म्हणत्यात.”

सर्जेराव अण्णांनी मान हलवली. “जा बाबा. पण पहिली मॅच कुणाबरोबर हाय ते बघितलंस का?”

पहिली मॅच घोडेतळं विरुद्ध सातविहीर होती. अण्णांच्या मागं त्यांचा स्टॉपर संग्राम पोवार उभा होता. त्याला सगळं गाव वरवंटा म्हणायचं. तो पुढं आला, इंद्रजितच्या पायांकडं प्रेमानं बघत म्हणाला, “ये की. त्या दिवशी तुझा पाय घडी घालून आईकडं देतो. पिशवी तेवढी घेऊन ये.”

*

इंद्रजितची आई, सुलभाकाकू, हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायच्या कामाला होती. शहरातल्या फुटबॉलवाल्यांना ती तोंडावरून नव्हे, हाडांवरून ओळखायची. संध्याकाळी इंद्रजितला सोडायला गेलो तर तिनं दारातच मला आपादमस्तक बघितलं.

“साळोखे न्हवं तू? गेल्या सिझनला तीन माणसं पाठवलीस की आमच्याकडं. दोन नडग्या आणि एक खांदा.”

“खांदा माझा नव्हता काकू. तो आपटला.”

“कशावर?”

“माझ्यावर.”

तिनं मला आत बसवलं. चहा दिला. माझ्या पाठीवर कसलंतरी झोंबणारं औषध चोळता चोळता म्हणाली, “हे बघ. ह्याला बाप न्हाई. अभ्यास येत न्हाई. ह्याच्याजवळ दोन पाय हैत, बास. त्या सरांपुढं ते दोन्ही धड गेले पायजेत. तेवढं झालं की हे पोरगं ह्या गल्लीतनं सुटलं. पुढचे तीन आठवडे ह्याच्या पायांना तू जबाबदार.”

“मीच का काकू? आबा हैत, बाकीचे हैत.”

“ती चांगली माणसं हैत. चांगल्या माणसाला सांगून काय करू? त्याला मारता येत न्हाई.”

मी शब्द दिला. आजवर मला कुणी एवढं मोलाचं काम सांगितलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी तालमीवर फ्लेक्स लागला: ‘घोडेतळं हाय परफॉर्मन्स सेंटर’. आबांनी गेल्या वर्षीच्या सगळ्या म्हाताऱ्या खेळाडूंना, म्हणजे चोवीसच्या वरच्यांना, हार घालून घरी पाठवलं होतं. सुजितनं मेलबर्नहून तिथल्या एका क्लबच्या ट्रेनिंग सेंटरचे फोटो पाठवले होते आणि आबांनी ते मंडपाच्या सामानात जसेच्या तसे उभे केले. कुस्तीच्या हौदावर रिसेप्शनचा हिरवा गालिचा अंथरला, ते टर्फ झालं. मंडपाचे खांब ओळीनं रोवले, पोरं त्यांच्यातून चेंडू नेऊ लागली. फोटोत बर्फाच्या पाण्याचा हौद होता. आमच्याकडं बाराशे माणसांच्या वरणाचं पातेलं होतं. सरावानंतर पोरं त्यात बर्फ टाकून चार-चार जण बसायची आणि हळदीला बसल्यासारखी पिवळी होऊन बाहेर यायची.

मग व्हिडिओ आले. सुजितनं तिकडच्या फुटबॉलचे पाठवले होते. पडद्यावर धिप्पाड माणसं एकमेकांच्या खांद्यावर गुडघे रोवून उडत होती, चेंडू हातात धरून पळत होती आणि दिसेल त्याला आडवी करत होती.

“आबा,” आमचा गोलकीपर बोळक्या तोंडानं म्हणाला, “चेंडू लांबडा दिसतोय.”

“हवा कमी असंल.”

“मामा,” सुजित फोनवर कळवळून सांगत होता, “हा वेगळा खेळ आहे. तुम्हाला फक्त पोरं निवडायची पद्धत सांगितली होती मी.”

“फुटबॉल म्हंजे फुटबॉल,” आबा म्हणाले. “त्यातलं चेंडवाचं सोड. अंगाला अंग कसं लावत्यात ते बघ. आपली पोरं हितंच कमी पडत्यात. दिग्या, आजपास्नं तू काँटॅक्ट कोच.”

म्हणजे असं: नवरीच्या खोलीतली एक गादी मी छातीला बांधायची आणि इंद्रजितच्या अंगावर जायचं. पहिल्या दिवशी मी त्याला एकवीस वेळा पाडलं. एकवीस वेळा तो म्हणाला, “सॉरी दादा.”

“तुला पाडलंय मी. सॉरी तू का म्हणालायस?”

“वाटेत आलो म्हणून. सॉरी.”

मी डोक्याला हात लावला. असलं पोरगं वरवंट्यापुढं उभं करायचं म्हणजे पिशवी खरंच न्यावी लागली असती. आणि वरवंटा गावभर सांगत फिरत होता. चहाच्या गाड्यावर, सलूनमध्ये. इंद्रजितचा उजवा पाय की डावा, यावर सातविहीरच्या पोरांनी चिठ्ठ्या टाकल्याचंही कानावर आलं.

पोरगं राखायचं म्हणजे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मला एकच गोष्ट येत होती, ती मी त्याला शिकवायला घेतली.

“आधी माणूस, मग चेंडू,” मी त्याला सांगितलं.

तो विचारात पडला. “पण दादा, चेंडू घेऊन पुढं गेलो तर माणूस मागंच राहतोय की.”

“मागं राहिलेलाच मारतो. म्हणून आधी त्याचं बघायचं. तो उठणार नाही याची खात्री करायची, मग आरामात चेंडू.”

“आणि तो पडला तर? मी त्याला हात देऊन उठवतो.”

“उठवायचं नाही. ओलांडायचंही नाही. तुडवून जायचं.”

“सॉरी,” तो म्हणाला. “शिकतो.”

शिकला की. पोरगं हुशार होतं, अभ्यास सोडून सगळं त्याला एकदा सांगितलं की कळायचं. कोपर बरगडीत कुठं घालायचं, पंच कुठं बघत असतो, बुटाचे खिळे पोटरीवरून कसे ओढायचे. मी त्याला माझ्या अंगावर करून दाखवायला लावायचो. पहिले चार दिवस तो मारायच्या आधी डोळे मिटायचा. पाचव्या दिवशी उघडे ठेवले. आठव्या दिवशी सॉरी म्हणायला विसरला. मी त्याला मिसळ खायला घातली.

पंधराव्या दिवशी मी बुटाची नाडी बांधायला वाकलो होतो. गादी सोडून ठेवली होती. सराव सुरू व्हायचा होता. मला पळत येणारी पावलं ऐकू आली, पण आपल्याच तालमीत कोण येणार म्हणून मी मान वर केली नाही. डाव्या बरगडीत अडकित्त्यानं सुपारी फोडल्यासारखं काहीतरी वाजलं आणि मी हिरव्या गालिच्यावर आडवा झालो. श्वास घ्यायला गेलो तर आत जागाच नव्हती.

इंद्रजित माझ्यावर वाकून बघत होता. मी उठतोय का ते.

मी उठत नाही असं दिसल्यावर त्यानं चेंडू घेतला आणि आरामात निघून गेला.

दुखत होतं, पण हसू आवरेना. हसलं की जास्त दुखत होतं. आबांनी नाचत पूर्ण तालीम डोक्यावर घेतली. मोबाईलवर त्यांनी ते सगळं टिपलं होतं, तो व्हिडिओ सुजितला पाठवला. सुजितचा लगेच फोन. “मामा, हे थांबवा. मागून असं मारलं तर इकडंसुद्धा चार मॅच बाहेर बसवतात.”

“कळलं,” आबा म्हणाले. “चार मॅचला एकदाच करायचं.”

पट्टी बांधायला मी सुलभाकाकूकडंच गेलो. तिनं बरगडीवरून बोट फिरवलं.

“कुणी मारलं?”

“गादीवरून पडलो.”

“गादीला कोपर असतंय का रं?” तिनं पट्टीचा गुंडाळा सोडला. मग म्हणाली, “काल हेनं कॉलेजातल्या पोराचं नाक फोडलं. का म्हणून विचारलं, तर म्हणतोय, तो मागनं येत होता.”

“आता कुणी पाय मोडणार नाही त्याचे काकू,” मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं मला. तिनं पट्टी जरा जास्तच आवळली.

*

मॅचला स्टेडियम गच्च भरलं होतं. एका बाजूला सातविहीर, एका बाजूला घोडेतळं, मध्ये पोलीस आणि बांबू. आबांनी बंगळुरूच्या सरांसाठी नवरदेवाची लाल मखमली खुर्ची आणली होती, सोनेरी सिंहांच्या हातांची. सर मूळचे निपाणीकडचे, मराठी छान बोलत. त्यांनी खूप नाही म्हटलं, पण आबांनी त्यांना खांदे धरून बसवलं. पांढरी टोपी, मांडीवर फॉर्मांची फाईल आणि मागं खुर्चीच्या पाठीवरचा सोनेरी मोर. कुणीतरी अक्षता टाकायच्या तयारीत असल्यासारखे ते अंग चोरून बसले होते.

वॉर्मअपला वरवंटा मधली रेघ ओलांडून माझ्याकडं आला. दोन-तीन वाक्यं बोलला. मी “बरं बरं” म्हटलं. तो गेला.

“काय म्हणाला?” इंद्रजितनं विचारलं.

“काही नाही. तू तुझं बघ. मागं लक्ष ठेव.”

खेळ सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांत मी त्यांच्या एकाला बाजूच्या रेघेपलीकडं, पाण्याच्या क्रेटवर झोपवलं. त्यांनी आमच्या विंगरचं नाक वाकडं केलं. प्रेक्षकांतून चप्पल आली, मग तिचा जोड आला, मग दगड. पंचानं दोनदा खेळ थांबवून मैदान झाडायला लावलं. एवढं सगळं नेहमीसारखं.

नेहमीसारखं नव्हतं ते इंद्रजितचं. चेंडू त्याच्याकडं गेला की गोंगाट कमी व्हायचा. तो पळतोय असं वाटायचंच नाही; आजूबाजूचे लोक उगाच मागं जातायत असं वाटायचं. दहाव्या मिनिटाला तिघांना चुकवून त्यानं बारवर मारला. सोळाव्या मिनिटाला वरवंटा समोर आला. इंद्रजित त्याच्या बगलेतून निघून गेला आणि वरवंट्यानं पायसुद्धा उचलला नाही. विसाव्या मिनिटाला पुन्हा तेच. मला वाटलं, खेळवतोय. मांजर खेळवतं तसं.

तेवढ्यात आबा कुंपणाला तोंड लावून ओरडले, “दिग्या! सरांनी फॉर्म काढला! नाव लिव्हलं! बोडेकर लिव्हलं, मी सोताच्या डोळ्यांनी बघितलं!”

मी इंद्रजितकडं बघून अंगठा दाखवला. तो हसला. सतरा वर्षांचा दिसला एकदम.

एकतिसाव्या मिनिटाला मी मागून एक लांब चेंडू मारला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पास, आणि तो चुकून लागला होता. इंद्रजितनं तो छातीवर घेतला, वरवंट्याच्या डोक्यावरून टोलवला, पलीकडं जाऊन पुन्हा पायात घेतला. वरवंटा वळताना घसरून बसला. त्यानं दोन्ही हात वर केले, आपण हात लावला नाही हे पंचाला दाखवायला. गोलकीपर पुढं आला, त्यालाही इंद्रजितनं झोपवलं. आता समोर फक्त जाळी. चेंडू रेघेपासून दोन हातांवर. फुंकर मारली तरी गेला असता.

घोडेतळंची अर्धी बाजू ‘गोल’ ओरडून मोकळी झाली होती. ढोल सुरूही झाला होता.

इंद्रजितनं चेंडूवर पाय ठेवून तो थांबवला. नीट ठेवला, घरंगळू नये म्हणून. मग वळून मागं बघितलं.

मी मैदानाच्या मध्यावर होतो. मला वाटलं, कुणाला पास देतोय की काय. मी ओरडलो, “मार!”

मार म्हणालो मी. चेंडूच म्हणायचं होतं मला.

तो आठ-दहा पावलं मागं आला. पळत नाही, चालत, मग शेवटची तीन पळत. वरवंटा एका हातावर रेलून उठत होता, उजवा पाय लांब पसरलेला, दुसरा हात अजून अर्धा वरच. इंद्रजितनं उडी मारली आणि दोन्ही पायांनी त्याच्या गुडघ्याखाली उतरला.

उसाचं कांडं मोडतं तसा आवाज आला. एवढ्या गर्दीत तो मला मध्यावर ऐकू आला. वरवंट्याची नडगी मधोमध वाकली होती, तिथं वाकायची सोय नसताना. इंद्रजित उतरून बाजूला झाला आणि वाकून बघू लागला. तो उठतोय का ते.

मग वरवंटा ओरडला, आणि मग सगळं स्टेडियम खाली आलं.

बांबू मोडले. सातविहीरची बाजू मैदानात घुसली, मग आमची. आबांच्या खुर्च्या हवेत होत्या आणि या वेळी स्टील-प्लॅस्टिक कुणी बघत नव्हतं. मी इंद्रजितपर्यंत पोचायला निघालो आणि वाटेत येईल त्याला मारत गेलो. बघितलंसुद्धा नाही कोण ते. एकाच्या दातावर माझी मूठ फाटली. एकानं माझ्या त्याच बरगडीवर लाथ घातली. पोलिसांच्या लाठ्या दोन्ही बाजूंना सारख्याच बसत होत्या. पंच लाल कार्ड हातात धरून फिरत होता, पण दाखवायला इंद्रजित कुठं सापडत नव्हता, कारण आमच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. या सगळ्यात तो चेंडू रेघेपासून दोन हातांवर तसाच होता. त्याला कुणीच शिवलं नाही. शेवटी एका हवालदारानं तो काखेत मारून नेला.

स्ट्रेचर माझ्या शेजारून गेलं. वरवंट्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं मला ओळखलं.

“दिग्या,” तो म्हणाला. “तुला सांगितलं होतं की रं.”

सांगितलं होतं. वॉर्मअपला त्यानं हेच सांगितलं होतं. “सोमवारी माझी पोलीस भरतीची मैदानी चाचणी हाय. आज मी कुणाला शिवणार न्हाई. पोराला सांग, बिनधास्त खेळ म्हणावं.” मी बरं बरं म्हटलं. वरवंटा न मारता खेळणार, हे मला एवढं हसण्यासारखं वाटलं की ही नवी चाल आहे असं समजून मी इंद्रजितला मागं लक्ष ठेवायला सांगितलं.

*

स्टॅन्डखालच्या बोळात आमची माणसं जमली होती. चाळीसभर तरी असतील. मॅच रद्द झाली होती, पण सातविहीरचा वरवंटा मोडला म्हणजे आम्हीच जिंकलो असं आबांनी जाहीर केलं होतं. हलगी कडाडत होती. इंद्रजितच्या डोक्यात गुलाल. त्याच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. मी खाली वाकून त्याचे दोन्ही पाय बघितले. धड होते.

गर्दी दुभंगली आणि सर आले. हातात फॉर्म होता. चार घड्या घातलेला.

आबांनी हलगी थांबवली. “या सर! बघितला का आमचा वाघ?”

सर इंद्रजितसमोर उभे राहिले. आवाज अगदी हळू होता, त्यामुळं सगळे कान देऊन ऐकू लागले.

“गोल रिकामा होता,” ते म्हणाले. “चेंडू तुझ्या पायात होता. तू आत का नाही टाकलास?”

इंद्रजितनं सरळ उभं राहून, पाठ केलेलं उत्तर द्यावं तसं सांगितलं, “आधी माणूस, सर. मग चेंडू.”

सरांनी त्या घडी घातलेल्या कागदाकडं बघितलं. मग आमच्याकडं.

“हे याला कोणी शिकवलं?”

आमच्या गल्लीत एवढ्या मोठ्या माणसानं इतकं अदबीनं कधी काही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या परीनं त्याचा अर्थ लावला. आधी आबांचा हात वर गेला. मग गोलकीपरचा. मग हलगीवाल्याचा, टिपरू हातात धरूनच. मग मागच्या मागं धडाधड सगळ्यांचे, पातेल्यात बर्फ टाकणाऱ्यापासून फ्लेक्स लावणाऱ्यापर्यंत. कुणीतरी म्हणालं, “मी लहानपणी कडेवर घेतलंय त्याला, सर.” चाळीस हात वर होते आणि सर एकेका तोंडाकडं बघत होते.

माझे हात मी पाठीमागं धरले होते. मूठ फाटली होती, रक्त गळत होतं, म्हणून.

इंद्रजितनं आजूबाजूला बघितलं. त्याला माझा हात दिसेना. तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला, आणि त्याच्या तोंडावर एवढं कौतुक होतं की मला मान खाली घालावी लागली.

“लाजतात सर ते,” तो म्हणाला, आणि माझं मनगट धरून त्यानं माझा हात वर केला.